बांडगुळाची सोयरीक

सोयरीक पक्की करायला मुलीच्या कानात डूल घालतात; ते घालायला जी मंडळी जातात त्यांत नवरा मुलगा नसतो. बेश-तेरेकमध्ये हा नियम फार जुना आहे. तो ज्याने कुणी केला त्याच्या डोक्यात एवढंच आलं नसावं, की एखाद्या दिवशी गावात चालू स्थितीतली एकच व्हॅन असेल, तिचा दुसरा गिअर गुडघ्याने दाबून धरावा लागत असेल, आणि नेमका कुठे दाबायचा हे फक्त नवऱ्या मुलालाच ठाऊक असेल.

झूरा आत्याने चहाचे दोन वाडगे संपवले आणि तोडगा काढला.

“आज तू कुबात नाहीस,” ती म्हणाली. “आज तू ड्रायव्हर.”

“मग कुबात कुठाय?”

“घरी. लाजून बसलाय.”

“मी कधी लाजलोय?”

“तू नाही रे. कुबात.”

कुबात लोखंडी फाटकं जोडायचा. आईवडील कामाला नोव्होसिबिर्स्कला गेले तेव्हापासून तो आत्याच्या हाताखाली वाढला होता, त्यामुळे आत्याशी वाद घालण्यापेक्षा ती म्हणेल ते होऊन जाणं सोपं पडतं, हे त्याला पक्कं माहीत होतं. तो ड्रायव्हर झाला. त्यासाठी त्याने टोपी जराशी तिरकी केली. बाकी काही करावं लागलं नाही.

मुलगी म्हणजे वरच्या गावची बुरुल. ती जनावरांच्या दवाखान्यात कामाला होती आणि आसपासच्या गावांत मेंढ्यांच्या कानांना बिल्ले लावत हिंडायची. कुबात तिच्या पहिल्यांदा नजरेस पडला तो मेंढी धरून बसलेला. ती मेंढी त्याची नव्हती. त्या दिवशी त्याने जेवढ्या म्हणून मेंढ्या धरल्या त्यांतली एकही त्याची नव्हती. संध्याकाळी तिने विचारलं, “तुमच्या किती?” तो म्हणाला, “एकही नाही.” ती हसली नाही. फक्त उद्या आपण कुठल्या गावाला जाणार आहोत ते तिने सांगून टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी त्या गावातही मेंढ्या धरायला कुबात हजर होता.

दोघांचं जमलं होतं. जमत नव्हतं ते बुरुलच्या वडिलांचं. सादिरकुल वनरक्षक होता. झूरा आत्या डुलांची डबी घेऊन दोनदा वर जाऊन आली होती. पहिल्यांदा तो म्हणाला, आत्ता थंडी फार आहे. दुसऱ्यांदा म्हणाला, आत्ता ऊन फार आहे. आता शरद ऋतू लागला होता, थंडीही बेताची आणि ऊनही बेताचं, तेव्हा त्याचाही नाइलाज झाला. त्याने निरोप धाडला, “या. चहा प्या. बघू.”

“हे शेवटचं,” आत्याने कुबातला बजावलं. “डबी या खेपेला न उघडता परत आली, तर ती थेट गिरणीवाल्याच्या मुलीकडे जाईल. तिचे कानसुद्धा मोठे आहेत.”

गिरणीवाल्याच्या मुलीशी कुबातचं काही वैर नव्हतं, पण तिच्या कानांकडे त्याने आजवर कधी पाहिलंही नव्हतं आणि पुढेही पाहायची इच्छा नव्हती.

निघताना आत्याने आणखी एक काम काढलं. डूल घालायच्या आधी घरात आर्चेचा धूर फिरवायचा असतो. त्याने नजर जाते, वाईट वारा जातो, आणि कधी कधी शेजारीही जातात. आता सादिरकुलच्या घरी आर्चा नसेल असं कसं होईल? देवदाराच्या या बुटक्या, वाकड्या, सुगंधी भाऊबंदांच्या जंगलातच त्याचं घर होतं. पण आत्याचं मत वेगळं होतं.

“त्यांच्या घरचा धूर त्यांच्या बाजूने बोलणार,” ती म्हणाली. “आपला आपण न्यायचा.”

खाली बेश-तेरेकला आर्चा उगवत नाही. तिथे उंच पॉप्लर आणि जर्दाळू. म्हणजे फांदी वाटेत तोडावी लागणार. आणि हिरवी आर्चा तोडली तर दंड होतो, आणि तो दंड करायचा अधिकार या सबंध खोऱ्यात एकाच माणसाला होता, आणि त्याच माणसाच्या घरी हे दोघं चहाला निघाले होते.

वरच्या वळणावर कुबातने व्हॅन थांबवली. तिथे एक जुनी आर्चा होती आणि तिच्या एका फांदीवर मेंढीएवढा घनदाट झुपका माजला होता. बाकीचं झाड विरळ, सुकलेलं; झुपका मात्र नुकता न्हाव्याकडे जाऊन आल्यासारखा टवटवीत. त्याच्या काड्याकाड्यांवर पिवळट हिरवी, बोटाच्या पेराएवढी, बिनपानांची, नुसत्या कांड्यांची काहीतरी झुडुपं उगवली होती आणि त्यांना मिरीएवढी फळं लागली होती. बुंध्याला पत्र्याची पाटी ठोकलेली होती: ‘आजारी. हात लावू नये. सादिरकुल.’

“हाच!” आत्या म्हणाली. “जेवढा दाट झुपका तेवढा दाट धूर.”

“आत्या, आजारी आहे.”

“मग काय झालं? आजारी माणसाची नजर आपण आर्चेने काढतोच ना? एकदा आजारी आर्चेने आपली काढली तर कुठे बिघडलं? फिट्टंफाट.”

कुबातला हे पटलं असं नाही. पण त्याला एक आठवलं. मागे दुकानात साखर घेताना सादिरकुल सगळ्यांच्या देखत म्हणाला होता, “हे झुपके जो तोडेल त्याचे मी हात चुंबीन!” म्हणजे ही फांदी तोडली तर दंड होणार नाही, उलट सासऱ्याचं कामच होईल. कुबातला स्वतःची हुशारी फार आवडली. त्याने फाटकं कापायची करवत काढली. पहाटेचं दंव अजून गोठलेलं होतं. झुपका थंडगार होता आणि फळं गप्प होती. आत्याने तो पांढऱ्या कापडात गुंडाळून बाळासारखा मांडीवर घेतला आणि उरलेला सगळा रस्ता त्याला सांभाळून नेलं.

सादिरकुलच्या फाटकात बुरुलची आई बात्मा एप्रनला हात पुसत पुढे आली, दोघी बायकांनी एकमेकींचे गाल चुंबले. सादिरकुलने व्हॅनकडे पाहिलं.

“हा कोण?”

“ड्रायव्हर,” आत्या म्हणाली.

सादिरकुलने कुबातला दुकानात, बाजारात आणि एकदा आपल्याच कुंपणाबाहेर, तिथे नसलेली मेंढी शोधताना पाहिलेलं होतं. तो त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. पण रीत ती रीत. नवरा मुलगा आलेला नाही म्हणजे आलेला नाही.

“बरं,” तो म्हणाला. “ड्रायव्हरला बाहेर चहा द्या.”

आत्या आणि घरची मंडळी आत गेली. कुबात अंगणातल्या बाकावर बसला. कापडातला झुपका आत्याने त्याच्याजवळ ठेवला होता. हाक मारली की पेटवून आण म्हणाली होती. शेजारी चहाच्या पाण्याचा समोवर उकळत होता. समोर, भिंतीलगत, उन्हात फळ्यांवर ओळीने रोपं मांडली होती: टोमॅटोच्या डब्यांत, मेयोनेजच्या बादल्यांत, फुटक्या किटलीत, एका मोटरसायकलच्या हेल्मेटमध्ये. प्रत्येकात बोटभर उंचीची एकेक आर्चा.

थोड्या वेळाने सादिरकुल बाहेर आला. आत बायकांनी सगळ्या खोऱ्यातली बाळंतपणं काढली होती आणि त्यात त्याला म्हणण्यासारखं काही नव्हतं. तो ताठ गुडघ्यांनी, लाकडी माणसासारखा, कुबातच्या शेजारी बसला.

“तुमच्या गावात तो एक मुलगा आहे म्हणे,” तो रोपांकडे बघत म्हणाला. “कुबात का कोण.”

“आहे, बाइके.” वडीलधाऱ्याला असंच म्हणायचं असतं.

“कसा आहे?”

कुबातने विचार केला. फार स्तुती करावी तर बरं दिसेना. “बरा आहे म्हणतात,” तो म्हणाला. “हाताला काम आहे. पीत नाही.”

“मेंढ्या किती?”

“मेंढ्या नाहीत.”

“मी तर ऐकलंय, सारखा मेंढ्यांमागेच असतो.”

“ते... आवड म्हणून.”

सादिरकुलने मान हलवली. मग त्याने हेल्मेटमधल्या रोपाकडे बोट केलं. “हे चार वर्षांचं.”

“चार वर्षांत एवढंच?”

“घाई कुणाला आहे? हजार वर्षं जगायचंय त्याला.” तो जरा थांबला. “बी रुजायलाच दोन हिवाळे खातं. शंभर पेरा, पाच उगवतात. येत्या वसंतात पलीकडच्या जळक्या उतारावर लावायचीत. तोवर रोज पाणी, आणि तेही पळीने. बादलीने ओतलं की मुळं उघडी पडतात. माझे गुडघे वाकत नाहीत. बात्मा बादलीनेच ओतते. एक बुरुल आहे ती पळीने घालते.”

कुबातला आता कळलं की थंडी का फार होती आणि ऊन का फार होतं.

“तो मुलगा,” सादिरकुल म्हणाला, “वाईट आहे असं मी कधी म्हटलं नाही. पण बुरुल गेली की इथे पाणी कोण घालणार, हे त्याने कधी विचारलंय?”

“विचारायला सांगू का त्याला?”

“आता काय सांगतोस,” असं म्हणून सादिरकुल उठला आणि आत गेला. त्याच्या पाठीवरून तरी ‘बघू’चा अर्थ ‘नाही’कडे झुकल्यासारखा वाटत होता.

एवढ्यात आतून आत्याची हाक आली, “ड्रायव्हर! धूर!”

कुबातने घाईघाईने कापड उलगडलं. दंव वितळून झुपका ओलाकच्च झाला होता. असा पेटवला तर नुसता फुसफुसेल, आणि आपल्या बाजूने बोलायचं सोडून खोकत बसेल. म्हणून कुबातने तो समोवरला टेकवून सुकत ठेवला.

टण्, असं काहीतरी समोवरवर वाजलं.

त्याने वाकून पाहिलं. त्याच्या गालावर काहीतरी चिकट आपटलं. मग टोपीवर. मग टोमॅटोच्या डब्यावर, टिक. ती मिरीएवढी फळं ऊब लागताच देठापासून सुटत होती आणि सुटताना आतलं बी गलोलीतून मारल्यासारखं भिरकावत होती. एक, मग तीन, मग मोजण्यात अर्थ राहिला नाही. कुबातच्या आयुष्यात फांदीने त्याच्यावर गोळीबार करण्याची ही पहिलीच वेळ होती.

बुरुल किटली भरायला दारात आली होती. तिने एकदा झुपक्याकडे पाहिलं, एकदा रोपांकडे.

“तो झुपका बादलीत बुडवा,” ती शांतपणे म्हणाली.

कुबातने झुपका उचलला, पण बादली कुठे आहे हे विचारायचं त्याला सुचलं नाही. तो बादली शोधत अंगणभर पळाला. ज्या बाजूला पळाला त्या बाजूला झुपका पळता पळता बियं मारत गेला. भिंतीपासच्या सगळ्या ओळींसमोरून त्याने त्याला एकदा नेलं आणि परत आणलं. एवढ्यात आत्या धूर अंगावर घ्यायला दोन्ही हात पसरून, डोळे मिटून, “अलास, अलास, सगळी पीडा टळो,” असा धुराचा मंत्र म्हणत उंबऱ्यात उभी राहिली होती. तिच्या कपाळाच्या मधोमध एक बी येऊन बसलं.

“कोकुय!” ती किंचाळली. आणि मग लगेच, विजयाने, “बघा! नजर होती! आर्चेने बरोबर ओळखलं!”

“नजर तुमच्यातच होती म्हणायची,” बात्मा मागून म्हणाली.

“मला चुकून लागलं ते.”

बुरुलने अंगावरची गोधडीची बंडी काढून झुपक्यावर टाकली आणि त्यावर चक्क बसली. बंडीखाली अजून टपटप चालू होतं.

सादिरकुल बाहेर आला. त्याने आत्याच्या कपाळावरचं बी नखाने उचललं, उन्हात धरलं. तिळाएवढं बी, शेंबडासारख्या चिकट धाग्याला लोंबत होतं.

“बांडगूळ,” तो म्हणाला.

“कुणाला म्हणता?” आत्याने कमरेवर हात ठेवले.

“या बियाला.” मग तो कुबातकडे वळला. “कुठून आणलंस?”

“वळणावरच्या झाडाचं.”

“पाटी वाचली नाहीस?”

“वाचली. पण तुम्ही दुकानात म्हणाला होतात, जो हे झुपके तोडेल त्याचे हात चुंबीन म्हणून.”

“मी तुझ्यासमोर म्हणालो होतो?”

कुबात गडबडला. “माझ्या नाही. कुबातच्या. त्याने मला सांगितलं.”

“मग त्या कुबातला जाऊन सांग,” सादिरकुल म्हणाला, “की हे वसंतात तोडायचं असतं आणि तिथल्या तिथे जाळायचं असतं. शरदात त्याचं फळ पिकतं. शरदात ते तोफखाना असतं. आणि तोफखाना कुणी माझ्या रोपांसमोर आणून ठेवत नाही.”

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो ओरडला नाही. भिंतीशी गेला, आणि एकेका डब्यावर वाकायचा प्रयत्न करू लागला, आणि त्याला वाकता येईना. ते पाहून कुबातला एवढं वाईट वाटलं की गिरणीवाल्याच्या मुलीचे कान त्याला आता अगदी स्पष्ट दिसायला लागले.

आत्याने डबी पिशवीत टाकली. “चला. झालं तिसऱ्यांदा.”

“भाकरी न चाखता?” बात्मा म्हणाली.

आत्या थबकली. मांडलेली भाकरी न चाखता कुणाच्या घरून निघायचं नसतं. शत्रूच्या घरूनही नाही, आणि सोयरीक मोडलेल्या घरून तर नाहीच नाही.

“चाखते एक तुकडा.”

“कुणी काही खाऊ नका!” सादिरकुल भिंतीकडूनच म्हणाला. “रोपांवरची सगळी बियं निघाल्याशिवाय या घरात कुणी तोंडात काही घालणार नाही. सुकली की ती सुटत नाहीत.”

आता पेच असा झाला: भाकरी चाखल्याशिवाय जाता येईना, आणि बियं निघाल्याशिवाय भाकरी चाखता येईना. आत्याने दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. मग ती रोपांसमोर मांडी घालून बसली, चष्मा लावला आणि म्हणाली, “द्या इकडे ते हेल्मेट.”

बुरुलने दवाखान्यातले चिमटे आणले. बात्माने सुया आणल्या. सगळे उन्हात ओळीने बसले आणि बोटभर झाडांवरून तिळाएवढी बियं निवडू लागले. सादिरकुल बसू शकत नव्हता म्हणून प्रत्येकाच्या पाठीशी उभा राहून चुका काढत होता. कुबातची बोटं लोखंडाला सरावलेली. पहिल्याच रोपाचा शेंडा त्याने वाकवला.

“ड्रायव्हरला नुसतं बघू दे,” सादिरकुल म्हणाला.

“मी धरतो,” कुबात म्हणाला. “डबे धरतो. मला धरता येतं.”

“ते येतं त्याला,” बुरुल मान वर न करता म्हणाली. तेव्हापासून तो डबा धरायचा आणि ती बी काढायची, आणि दोघंही फार जपून एकमेकांकडे बघत नव्हते.

तेवढ्यात आत्याचा फोन वाजला. नोव्होसिबिर्स्कहून कुबातची आई. तिथल्या कुणाच्या तरी स्वयंपाकघरात, कानशिलाला पीठ लागलेली. “घातले का डूल?”

“रोपं निवडतोय,” आत्या म्हणाली.

“काय?”

“बांडगूळ लागलंय. तू थांब जरा.”

आत्याने फोन फुटक्या किटलीला टेकवून ठेवला. आईला काही कळलं नाही, पण ती गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. “तिथे काय चिकटलंय?” ती म्हणाली. “तिसऱ्या डब्यात. शेंड्याखाली. नाही, डावीकडे. माझ्या डावीकडे.” बुरुलने चिमटा घातला. बी होतं. “मागच्या बादलीत पण एक आहे. फोन खाली घ्या जरा. हां. हे काय, तिथे तर दोन आहेत, आंधळ्या झालात का सगळ्या?”

सादिरकुलने फोन हातात घेतला आणि ओळीवरून हळूहळू फिरवू लागला. या सगळ्यांत त्याला न वाकता करता येईल असं हे एकच काम होतं. अंगणात बसलेल्या माणसांनी मिळून काढली नसतील तेवढी बियं परदेशातल्या स्वयंपाकघरातून एका बाईने काढली. मध्येच आवाज तुटायचा, चेहरा गोठायचा, आणि गोठलेल्या चेहऱ्यानेही ती कुठल्या तरी डब्याकडे रागाने बघत असायची.

“बाईची नजर चांगली आहे,” सादिरकुल कुबातला म्हणाला. “तुझी आई का?”

“कुबातची,” कुबात म्हणाला.

“हं. आई तरी चांगली आहे त्याची.”

एव्हाना आत्या आणि बात्माचं चांगलंच जुळलं होतं. दोघींनी मिळून गिरणीवाल्याच्या बायकोची अशी काही निंदा केली की आत्याला तिची मुलगी आता सून म्हणून चालणार नाही हे तिच्याच तोंडून ठरून गेलं. ते तिच्या लक्षात आलं नाही, कुबातच्या आलं.

उन्हं भिंतीवर चढली तेव्हा शेवटचं बी निघालं. आत्याने कंबर सरळ केली. “झालं! एकही राहिलं नाही.”

“दिसत नाही, म्हणजे नाही असं नाही,” सादिरकुल म्हणाला. “एखादं राहिलं असेल तर वसंतात सालीत शिरेल. आणि मग दोन-तीन वर्षं आत बसून खाईल, पिईल, आणि बाहेरून कुणाला पत्ता लागणार नाही.”

“आमच्या थोरल्या जावयासारखं,” आत्या म्हणाली.

सादिरकुलचा चेहरा मात्र उतरला होता. “जळक्या उतारावर आता ही लावता येणार नाहीत. तिथे उरलेली आर्चा आहे, तिलाही लागेल. इथेही ठेवता येणार नाहीत, भिंतीपलीकडे जंगल आहे.” त्याने हेल्मेटच्या कडेवर हात ठेवला. “जाळावी लागतील.”

आत्याने चष्मा काढून पुसला.

बुरुल आता बंडीवर वाकून झुपक्याला दगड लावत होती. तिने सहज विचारलं, “ड्रायव्हर, तुमच्या बेश-तेरेकला आर्चा आहे का हो?”

“एकही नाही,” कुबात म्हणाला. “पॉप्लर आहेत. जर्दाळू आहेत.”

“अता,” ती वडिलांना म्हणाली, “हे बांडगूळ जर्दाळूला धरतं?”

“जर्दाळूला कसं धरेल?” सादिरकुल म्हणाला. “आर्चेशिवाय त्याचा जीव कशातच रमत नाही.”

“मग तिथे ती तीन वर्षं ठेवली, आणि त्यात ज्यांना काही झालं नाही ती परत आणली, तर?”

सादिरकुलने मुलीकडे पाहिलं. मग रोपांकडे. त्याच्या चेहऱ्यावरून एक विचार हळूहळू, आर्चेच्या वेगाने, वर चढताना दिसला. “ठेवता येतील,” तो म्हणाला. “ठेवता येतील! पण तिथे पाणी कोण घालणार? या बाई?”

“मी बादलीने घालते,” आत्या अभिमानाने म्हणाली.

“ऐकलंस!”

“खरंच की,” बुरुल म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर काळजीशिवाय दुसरं काहीही नव्हतं. “पळीने घालणारं कुणीतरी तिथे राहायला हवं.”

यानंतर अंगणातले सगळे एकाच ठिकाणी पोचले, पण आपापल्या वेळेला. सगळ्यांत आधी फोनमधली आई पोचली, कारण ती एकदम रडायला लागली. मग बात्माने डोक्यावरच्या रुमालाचं टोक तोंडाला लावलं. मग आत्याने, इकडेतिकडे बघत, पिशवीत हात घालून डबी चाचपली. कुबातला कळलं तेव्हा त्याच्या हातात मेयोनेजची बादली होती आणि ती त्याने छातीशी घट्ट धरली. सादिरकुल सगळ्यांत शेवटी पोचला. तो लेकीकडे वळला आणि त्याने घसा खाकरला.

“रोपांना एकटं पाठवता येणार नाही,” तो म्हणाला.

मुलगी देण्याचे याहून गोड शब्द या खोऱ्यात पुष्कळांनी वापरले असतील. कुबातला मात्र याहून गोड काही आठवेना.

आधी भाकरी आली. सगळ्यांनी तुकडा तोडला, सायीत बुडवला, आणि भुकेमुळे तुकड्यांवर कुणी थांबलं नाही. मग बुरुल आत्यासमोर बसली. आत्याची बोटं बांडगुळाच्या चिकाने एवढी चिकट झाली होती की डूल तिच्या हातातून सुटेना. कानात घातला तरी बोट कानाला चिकटून राही.

“अपा, एवढ्या वेळात माझ्या वीस मेंढ्या होतात,” बुरुल आत्याला म्हणाली.

“हलू नकोस. मेंढीसुद्धा हलत नाही.”

“मेंढी फार हलते. म्हणून तर धरायला माणूस लागतो.”

दुसरा डूल गेला. बात्माने दोघींवर मूठभर गोळ्या-बिस्किटं उधळली, फोनमधून टाळ्या वाजल्या, आणि चेहरा पुन्हा गोठला, या वेळी हसताना.

लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा मात्र आत्या आणि सादिरकुलची जुंपली. आत्या म्हणाली, पुढच्या उन्हाळ्यात करू. रजया शिवायच्यात, मेंढ्या बघायच्यात, रशियातनं माणसं यायचीत.

“पुढच्या उन्हाळ्यात?” सादिरकुल जवळजवळ ओरडला. “आणि तोवर पाणी कोण घालणार? रोपं आजच खाली गेली पाहिजेत. शुक्रवारी लग्न.”

“शुक्रवारी? अहो, आज मंगळवार आहे!”

“तोवर ती माती कशीबशी तग धरेल. रजया नंतर शिवा.”

ज्याने मुलीला जवळजवळ वर्षभर थंडी आणि ऊन दाखवत अडवून धरलं होतं, तोच आता दोन दिवस इकडचे तिकडे करू देईना. शेवटी शनिवारवर तडजोड झाली, कारण शनिवारी बाजार असतो आणि मेंढा मिळतो.

झुपका अंगणाच्या कोपऱ्यात दगडांत जाळला. त्याचा धूर खरोखरच दाट निघाला आणि सगळ्यांच्या अंगावरून गेला. कुणाच्या बाजूने बोलला ते कळलं नाही. मग रोपं व्हॅनमध्ये चढली. पुढच्या सीटवर हेल्मेट, मागे डबे, बादल्या, किटली, आणि मधल्या फटींत सादिरकुलने कोंबलेली मेंढीची लोकर. आत्याला जागा उरली नाही. ती म्हणाली, “हरकत नाही, मी राहते,” आणि बात्माबरोबर आत जाऊन बसली. गिरणीवाल्याकडचं अजून बरंच उरलं होतं.

कुबात एकटा खाली निघाला. पहिल्या गिअरमध्ये, कारण दुसरा टाकला की गुडघा हलतो आणि गुडघा हलला की हेल्मेट हलतं. मेंढ्यांचा एक कळप त्याला मागून येऊन ओलांडून गेला. मेंढपाळाने खिडकीतून आत वाकून बघितलं, झाडं बघितली, काही विचारलं नाही.

ओढ्याजवळ माती कोरडी वाटली म्हणून त्याने गाडी थांबवली. पळी नव्हती. त्याने बाटलीचं झाकण घेतलं आणि एकेका डब्यात एकेक झाकण पाणी, कडेकडेने, श्वास रोखून घालत गेला. एवढ्या हळू त्याने आयुष्यात काही केलं नव्हतं, आणि हळू करण्यात एवढं बरं वाटतं हे त्याला कुणी सांगितलंही नव्हतं. शेवटच्या बादलीशी पोचेपर्यंत पहिला डबा पुन्हा कोरडा दिसायला लागला. त्याने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

फोन वाजला. बुरुल होती.

“काय करतोयस?”

“पाणी घालतोय.”

“आज कितव्यांदा?”

“दुसऱ्यांदाच.”

पलीकडे तिच्या मागून सादिरकुलचा आवाज येत होता, काय म्हणतोय, काय म्हणतोय.

“कुबात,” ती म्हणाली, “शनिवारपर्यंत हात खिशात ठेव.”

“बरं,” तो म्हणाला, आणि लगेच दोन्ही हात खिशात घातले. तसाच तो ओढ्याकाठी, त्या बोटभर जंगलासमोर, खूप वेळ सुखाने उभा राहिला. मग त्याच्या लक्षात आलं की अजून गाडी चालवायची आहे.